मुदतवाढीचं उपोषण

दोन हजार चोवीस साल. माझं वय एकाहत्तर, शिक्षण दुसरी पास (तिसरीत मास्तरांचं आणि माझं पटलं न्हाई), आणि त्या जुलैत मी सरकारकडं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला मुदत मागितली. उपोषण करून.

वडीगोद्रीत रोडच्या कडेला माझे दोन गाळे आहेत. ते भाड्यानं दिले आणि मी टॅक्सवाला माणूस झालो. कागदाचं सगळं सून बघायची. सुनीता तिचं नाव, अंबडला एका कर सल्लागाराकडं कामाला जाते. ती कागद आणायची, म्हणायची, "मामा, वाचून सही करा." मी चष्मा चढवायचो, कागद लांब धरायचो, मान हलवायचो, "बराबर हाये" म्हणायचो आणि सही ठोकायचो. वाचायचो एक अक्षर न्हाई! एका ओळीला मला पाव तास लागतो. सुनेसमोर सासऱ्यानं अक्षरं जुळवत बसायचं म्हणजे इज्जत राहिली का?

तर मुदत संपायला दोन दिवस राहिल्ते. चहाच्या हाटेलात एकानं विचारलं, "आप्पा, रिटर्न भरलं का?"

रिटर्न म्हणजे नेमकं काय, हेच मला ठाऊक न्हाई. पण कबूल कोण करणार!

"दोन दिवसांत व्हतंय का ते?" मी म्हणालो. "मुदत वाढवून आणतो."

"एकट्या तुमच्यासाठी?"

"पीकविम्याची वाढती, केवायसीची वाढती, मंग माझी का न्हाई? न्हाई आणली तर या हाटेलात पाय ठेवणार न्हाई!"

(चाळीस वर्षांची बैठक होती ती माझी. बोलून गेलो आणि तिथंच चहा कडू लागला.)

घरी येऊन सांगितलं, उद्या अंबडला उपोषणाला बसतो. सून म्हणाली, "मामा, पण तुमचं रिटर्न तर..."

"मधी बोलू नको! हे बाप्यांचं काम हाये."

दुसऱ्या दिवशी निघालो तर बायकोनं वाट अडवली. "अवो, पोटभर खाऊन जावा! उपोषण हाये, उपाशीपोटी बसलात तर चक्कर यायची." चार धपाटे आणि वाटीभर दही खाऊन मी अन्नत्याग केला.

सून दारातून म्हणाली, "मामा, एक मिनिट ऐका..."

"आल्यावर!"

अंबडच्या तहसीलसमोर सतरंजी टाकली. मागं फलक बांधला : 'मुदतवाढ मिळालीच पाहिजे'. कशाची, ते पेंटरनं लिहिलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तीच चूक झाली! अंबडात कुणाचं ना कुणाचं काहीतरी अडकलेलंच असतं. पीकविमावाले येऊन बसले, मंग अनुदानवाले. दुपारपर्यंत सतरंजी पुरेना. एक पुढारी आला, माझ्या गळ्यात हार घालून ओरडला, "ही लढाई एकट्या आप्पांची न्हाई!" मला तर घाम फुटला. माझीच एकट्याची होती की!

गलका ऐकून तहसीलदार साहेब बाहेर आले. वाकून विचारलं, "काका, मुदत कशाची पाहिजे?"

मी हळूच सांगितलं.

साहेबांनी एकदा मागच्या फलकाकडं बघितलं. "काका, आयकराचं खातं वेगळं. इथं त्याचा कागदही येत न्हाई."

"मंग कुठं बसू?"

"घरी," म्हणाले आणि आत गेले.

आता उठावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत. लोक घोषणा देऊन राह्यले, पुढारी फोटो काढून राह्यला, आणि मला हाटेलातली माझी खुर्ची रिकामी दिसू लागली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सून आली. हातात कागद.

"मामा, आता तरी बघता का?" कानाशी वाकून म्हणाली. "रिटर्न आठ दिवसांखालीच भरलंय. ही त्याचीच पावती. तुम्हीच वाचून सही केलीत, मी आयकरवाल्यांना पोस्टानं धाडली. ही झेरॉक्स."

मी कागद घेतला. त्यावर मला झटकन वाचता येणारी एकच गोष्ट होती. माझी सही.

मान खाली गेली ती वर येईना. लोक विचारू लागले, "काय झालं? काय झालं?" आता ही सांगणार, आणि संपलं आपलं! सून सरळ उभी राहिली, मोठ्यानं म्हणाली, "आप्पांचं काम झालं!"

एवढंच. त्यात खोटं एक अक्षर न्हाई. पण फटाके वाजले हो! पुढाऱ्यानं मोसंबीचा रस मागवला आणि सुनेच्या हातात दिला. मी तिच्या हातून पेलो.

येताना जीपमध्ये विचारलं, "लोकांपुढं खरं का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाल्तात की, मधी बोलू नको."

रातचं जेवलो न्हाई त्या दिवशी. खरं उपोषण तेवढंच घडलं. शपथ घेतली, यापुढं अक्षर न् अक्षर वाचल्याबिगर सही न्हाई, मंग सुनेसमोर दिवस गेला तरी चालंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली सुनेनं एक कागद ठेवला आणि कामाला निघाली. "थांब," म्हणालो, "तुझ्यासमोर वाचतो." ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचत गेलो. तिची अंबडची एक बस गेली, पण बिचारी हूं का चूं न करता उभी राहिली. पुरा वाचला. शेंगदाणे एक किलो, कपड्याचा साबण दोन, जिरं पाव.

मंग वाचल्याचा पुरावा असावा म्हणून खाली सही ठोकली, आणि किराणा आणायला गेलो.