संजीवच्या न वाढलेल्या पेशी

दुसऱ्यांच्या चुका काढण्यात यतिनचा हात कोणी धरू शकलं नसतं. ब्रिस्बेनच्या त्या लॅबमध्ये निरोगी माणसांच्या कमरेच्या हाडातला बोन मॅरो येई. त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून वाढवायच्या आणि आजाऱ्यांसाठी पाठवायच्या, हे त्याचं काम. दागिन्यात जंतू लपतात, म्हणून कुणाच्या बोटात अंगठी दिसली की स्वारी त्याला दारातूनच परत पाठवी. आणि याच्याच मनगटावर, ग्लोव्हच्या आत, वास्तुशांतीचा लाल दोरा! तो आपोआप तुटेपर्यंत काढायचा नाही, असं आईने पुण्याहून बजावलं होतं. जगाला शहाणपण शिकवणारा यतिन आईपुढे गोगलगाय होता.

एकदा काम करताना ग्लोव्ह सरकला आणि दोरा बाहेर डोकावला. त्याने तो आत खोचला आणि काम पुढे रेटलं. तीन दिवसांनी, पेशी ज्यात वाढत होत्या ते बाटलीतलं गुलाबी द्रावण गढूळ झालं होतं. बुरशी. त्याने दोरा कापून टाकला, बाटलीत गुपचूप ब्लीच ओतलं आणि नोंद केली : डोनरच्या पेशी वाढल्या नाहीत.

हा डोनर म्हणजे संजीव, स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरातला बसड्रायव्हर, मराठी मंडळातला मित्र. सुई पाहूनच घाम फुटणाऱ्या या माणसाला यतिननेच महिनाभर मागे लागून तयार केलं होतं.

"सॉरी रे," फोनवर संजीवच म्हणाला. "माझ्यातच खोट असणार. स्पृहा तर घाबरलीच, सगळ्या टेस्ट करायला लावल्या तिने. मी परत येतो ना, नो वरीज."

त्याच्या बायकोलाही घोर लावून ठेवला होता आपण. यतिनला तेव्हाच बोलता आलं असतं. तो "बरं" म्हणाला.

दीड महिन्याने संजीव खरंच आला. सॅम्पल घ्यायला यतिन खोलीत गेला, तेव्हा तो कॉटवर बसून पायाने ठेका धरत होता. भीती वाटली की त्याचं हे असंच.

"आईने अळिवाचे लाडू पाठवले होते," तो हसून म्हणाला. "रोज दोन खाल्लेत. या वेळी वाढतील बघ."

यतिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात. हा चाळिशीचा बाप्या आपल्या खोटेपणापायी ते मुकाट्याने खात बसला होता.

"संजीव, तुझ्या पेशी उत्तम वाढत होत्या," तो म्हणाला. "मी नासवल्या. मनगटात पूजेचा दोरा होता. आणि खापर तुझ्यावर फोडलं."

संजीवचा पाय थांबला.

"तुझ्या मॅनेजरला माहितीय?"

"नाही."

"मग आधी तिला सांगून ये. आणि मग स्पृहाला फोन कर, तूच." संजीव कॉटवर पालथा झाला, शर्ट वर सरकवला. "जा. मी पडलोय इथे."