मुकी डीव्हीडी

आमच्या फुलपाड्याच्या घरातला कॉम्प्युटर सुटे भाग जोडून केलेला होता, आणि त्याचा स्वभावही तसाच होता, कशाचा कशाला मेळ नाही. ऑफिसातून आल्यावर मी त्याच्याकडे बघतही नसे. दिवसभर तिथे तेच डबडं, घरी पुन्हा तेच कशाला? पण त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आईने कपाटातून थोरल्या भावाच्या लग्नाची डीव्हीडी काढून माझ्या हातात ठेवली. भावाने आपली प्रत नोकरीच्या गावी नेली होती. आमची तशीच पडून होती, कारण ती लावायला घरात काही नव्हतंच.

आईला लग्न बघायचं नव्हतं, मावशी ऐकायची होती. मावशी आमच्यातली धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला धवले गायचा मान तिचा, आणि आई तिच्यामागून सूर धरणारी. त्यातला एक धवला मांडवात देवांना आणि गेलेल्या माणसांना आवतण देण्याचा. एकेकाचं नाव घेऊन, ठरलेल्या क्रमाने बोलवायचं. एखादं नाव राहिलं तर ते माणूस मांडवाबाहेरच उभं राहतं, असं मावशी म्हणायची. आदल्या वर्षी मावशी गेली. आता गायचं आईला होतं आणि आई निम्म्यावर अडकत होती. कोणामागून कोण, तेच आठवेना. धवले कुणी उतरवून घेतले नव्हते. मावशीला लिहिता येत नव्हतं, आणि आम्हाला येत होतं तर आम्हाला वेळ नव्हता.

शेजाऱ्यांकडे प्लेअर होता. पण दुसऱ्याच्या घरात बसून एकच ओळ दहादा मागे नेऊन ऐकायची आईला लाज वाटत होती.

पहिल्या रविवारी कॉम्प्युटरने डीव्हीडी आत घेतली, घरघर केली आणि परत बाहेर ढकलली. आमचा ड्राइव्ह नुसता सीडीचा निघाला. स्टेशनाजवळच्या दुकानातून डीव्हीडीचा आणला, डबा उघडून बसवला, त्या पत्र्याने बोट कापलं ते वेगळंच. दुसऱ्या रविवारी डीव्हीडी आत राहिली, पण पडद्यावर चौकट आली, डिकोडर सापडत नाही. मला तरी कुठे सापडत होता? ऑफिसात ज्याला त्याला विचारत फिरलो, आणि जो तो डिकोडरसाठी वेगळंच सॉफ्टवेअर सांगायचा. ते सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून आणायचं, घालायचं, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, की पुन्हा तीच चौकट. आठवड्यातून एक सुट्टी, तीही यात. माझा पार पिट्टा पडला. आई मात्र दर रविवारी जेवणं आटोपली की चष्मा पुसत स्टूल ओढून शेजारी येऊन बसायची. तिच्या त्या वाट बघण्याचाच मला जास्त राग यायचा.

चौथ्या रविवारी चित्र आलं. आवाज नाही. मी वायरी उलट्यासुलट्या करून बघायला लागलो, तर आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. पडद्यावर मांडव होता आणि खांबापाशी बसलेल्या मावशीचं तोंड हलत होतं. आई तिच्या ओठांकडे बघत हळूहळू गुणगुणायला लागली. दोन नावं तिला तशीच सापडली. एवढंही पुरे, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नाही. इतका जीव काढला आणि डीव्हीडी मुकीच राहायची?

पाचव्या रविवारी आणखी एक सॉफ्टवेअर घातलं आणि आवाज आला. मावशीने तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून सिनेमातलं हिंदी गाणं सुरू झालं.

आधी वाटलं, सॉफ्टवेअरच चुकलं. मग आठवलं. लग्नानंतर शूटिंगवाल्याने एक कागद दिला होता, कुठल्या विधीवर कुठलं गाणं टाकायचं ते लिहून द्यायला. घरात शिकलेला मी, म्हणून तो मी भरला होता. कागदावर मांडवाच्या विधीपुढे तेव्हाचं गाजलेलं गाणं मीच लिहिलं होतं. वर त्याला सांगितलं होतं, बायकांचं गाणं फार लांबतं, त्याचा आवाज काढून टाका. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. नंतर त्याला विचारायला गेलो, तर मूळ कॅसेटवर कधीच दुसरी लग्नं उतरली होती.

त्या कागदाचं आईला मी सांगितलं नाही, आजवर नाही. तिने ते गाणं कडवंभर ऐकलं. मग म्हणाली, "त्याचा आवाज बंद कर. मंग मना ताईचं गानं ऐकाला येतं."

मी आवाज बंद केला. डीव्हीडी मागे नेली, थांबवली, पुन्हा मागे नेली. ऊन उतरेपर्यंत तिने मावशीच्या ओठांवरून एकेक नाव उचललं, आणि मग पहिल्यापासून सलग गायला लागली. कुठेच अडकली नाही. शेवटचं नाव झालं, पडद्यावर मावशीचं तोंड मिटलं. आई थांबली नाही. त्याच चालीत तिने आणखी एक आवतण दिलं, मावशीला.