ड्रायरला गॅस आला आणि मावशीने पूजा केली

गेल्या आठवड्यात आमच्या शेडवर पाइपची गॅस लाईन जोडली. नारायणगावच्या अलीकडे, हायवेला लागूनच आमचा धान्य वाळवायचा ड्रायर आहे... आजवर तो सिलिंडरवर चालायचा. थंडीत सिलिंडर गारठायचे, गॅस पुढे सरकायचा नाही आणि घाम मात्र आम्हाला फुटायचा.

आता ती कटकट संपणार म्हणून मी जरा हवेतच होतो. त्या भरात डिंभ्याच्या मावशीला फोन केला... तुझं भात घेऊन ये, पहिला मान तुझा.

मावशीचं भात झोडणी झाल्या झाल्या पावसात सापडलं होतं. इंद्रायणी... घरचं वर्षभराचं खाणं तेच. पिकअपमधून पोती उतरवली तेव्हाच ती आतून कोमट लागत होती. त्या दिवशी वाळलं नसतं तर तांदूळ पिवळा पडला असता, कुबट वास धरला असता.

गॅस जोडणारे फिटरभाऊ सकाळीच आले. बर्नरमधले सिलिंडरच्या गॅसचे जेट काढून नव्या गॅसचे बसवले, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली. म्हणजे आता जुन्या सिलिंडरवर परत जायची सोय नव्हती.

आमच्याकडे पूजेशिवाय मशीनचं बटण दाबत नाहीत. मावशी तर घरून ताट भरूनच आली होती. फिटरभाऊंनी हात जोडून सांगितलं, उदबत्ती नको, निरांजन तर अजिबातच नको. मावशीने मुकाट्याने ऐकलं... पण ते गेटजवळ मेन व्हॉल्व्ह उघडायला गेले, तेवढ्यात उदबत्तीची कसर तिने हळदी-कुंकवात भरून काढली. नारळ फुटला, पेढे वाटले.

बटण दाबलं. बर्नर भडकला, जरा वेळ बरा चालला... आणि फुस्स. परत लावला, परत फुस्स.

फिटरभाऊंनी फिल्टर उघडून पाहिला, जेट पाहिले, वायरिंग पाहिलं. शेवटी विचारलं, कोणी कशाला हात लावलाय का? आम्ही सगळे एका सुरात नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते... हात कोणीच लावला नव्हता, पूजा केली होती.

दुपार कलायला लागली. मावशी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, काढायची, माझ्याकडे बघायची. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, कारण तिला बोलावणारा शहाणा मीच होतो.

मग फिटरभाऊ मीटरपाशी वाकले आणि तसेच थांबले. मीटरशेजारच्या रेग्युलेटरला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं... ते बंद झालं की गॅसचं प्रेशर त्याला सांभाळता येत नाही. मावशीचं ओल्या हळदीचं बोट नेमकं तिथेच टेकलं होतं, वर कुंकवाचा थर. भोक पार बुजलं होतं.

"म्या म्हणलं, ही त्याची कपाळाची जागा असंल," मावशी हळूच म्हणाली. "मधोमध व्हती ना."

फिटरभाऊंना हसू आवरेना. मेन बंद केला, मावशीनेच पदराची पिन काढून दिली, भोक मोकळं झालं. परत साबणाचं पाणी लावून पाहिलं आणि मगच बटण.

या वेळी बर्नर लागला तो लागलाच... निळा, एकसारखा जाळ. हळूहळू शेडभर गरम भाताचा वास सुटला आणि सकाळपासून पेढ्यापलीकडे काही खाल्लं नाही हे मला आठवलं.

संध्याकाळी मावशीने ड्रायरमधून मूठभर भात घेतलं, सोलून एक दाणा दाताखाली धरला. कट्. अजून एक घेतला... कट्. मग तिथेच पोत्यावर बसली, डोळ्यांना पदर लावला.

"वाचलं रं बाबा. लेकरं खात्याल आता वर्सभर."

लहानपणापासून दर दिवाळीनंतर मावशीकडून आमच्या घरी नवा तांदूळ येतो, आणि आम्ही तो हक्काने खातो. यंदा पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या घरात तो शिजण्यात माझाही थोडा वाटा असणार आहे... याचं लई बरं वाटतंय राव.