माझा म्हणून सांगितलेला प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? गेल्या आठवड्यापासून मनातून जात नाही, म्हणून.

मी लातुरात नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो. पोरं मला मानतात, ते एका गोष्टीमुळे. एमआरएनए म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा पेशीतला निरोप. त्याच्या टोकाला नुसत्या ‘ए’ या एकाच रासायनिक अक्षराची लांब शेपटी असते, ती टिकली तर बहुतेकदा निरोपही टिकतो. इथे मी थांबतो. म्हणतो, “बारावीत मला प्रश्न पडला होता — ही लांबी ठरवतं कोण?” उत्तर खरंच सुंदर आहे. त्या निरोपाच्याच अंगात, प्रथिनाचा मजकूर संपल्यावर, काही छोटे तुकडे असतात. काही शेपटी छाटणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेतात, काही छाटणी रोखतात, काही तर ती वाढवूनही घेतात. वर्ग टाळ्या वाजवतो.

पण तो प्रश्न — माझा नव्हताच.

तो सुजाताचा. ती देवणी गावची. शेवटच्या बाकावर बसायची. आमच्याकडे बाक मार्कांवर ठरतो. आठ वर्षांपूर्वी तिने हात वर केला. “सर, समद्यायची टेल सारखीच ऱ्हाती का? किती लांब ठिवायची, कोण ठरवतं?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला माझं काय जात होतं? मी टेबलावरची टेस्टची यादी उचलली आणि तिचे मार्क मोठ्याने वाचले — तीनशे साठपैकी बासष्ट. “आधी हे वाढव.” वर्ग हसला. मीही हसलो. तिने पुन्हा हात वर केला नाही. दिवाळीला गावी गेली, ती परत आलीच नाही.

उत्तर मी नंतर गुपचूप शोधलं. पुढच्या बॅचपासून प्रश्न माझा झाला. लाज वाटली का? पहिल्या वर्षी थोडी.

गेल्या आठवड्यात तीच गोष्ट सांगून झाली, तशी पहिल्या बाकावरची पोरगी उठली. “सर, आमच्या ताईलाबी ह्योच प्रश्न पडला व्हता म्हणं. तुमच्याकडंच व्हती ती, सुजाता. आता गावात शिकवण्या घेती.”

तिच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं. म्हणजे सुजाताने घरी प्रश्न सांगितला होता, त्या दिवशी वर्गात काय झालं ते नाही.

खरं बोलायला एवढी एकच वेळ होती. मी म्हणालो, “हो का? वा!” आणि फळा पुसायला वळलो.