गिरजाबाईच्या दाराची कडी

...म्हणजे खोली मिळाली की प्रॉब्लेम सॉल्व्ह, असंच वाटायचं ना आम्हाला! ऐंशीच्या दशकातलं नागपूर, कॉलेजातला आमचा ग्रुप, आणि सगळ्यांनाच जग बदलायची घाई...

गिरजाबाई नागपूरजवळच्या कुहीकडची. नवरा गेला, दिरांनी बाहेर काढलं, आणि मग कित्येक वर्षं ती एसटी स्टँडवर झोपली. दिवाळीच्या सुमारास आम्ही तिला एका वस्तीत टिनाची खोली भाड्याने घेऊन दिली, एका शाळेत झाडायचं कामही मिळालं. मी तर धरमपेठभर सांगत सुटले होते!

मग मे महिना आला. नागपूरचा मे... दिवस कलला की अख्खी वस्ती अंगणात पाणी शिंपडायची, खाटा बाहेर काढायची. फक्त गिरजाबाई आत. दार बंद, आतून कडी, वर दिवसभर तापलेले टिन.

दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, अशीच आत झोपली तर वाचणार नाही. मी सायकल हाणत गेले, बंद दाराबाहेर उभी राहून खूप लेक्चर दिलं... उपयोग शून्य.

शेजारच्या शांताबाई नुकत्याच मिलमधून आल्या होत्या. त्यांनी दारावर थाप मारली. "काहून वं गिरजे, भट्टीत भाजून राहिली? महाराणी झाली का?"

आतून आवाज आला, "बाहेर लय वर्सं झोपली मी."

"मंग दार तरी उघड!"

मग हळूच, "उघडं दिसलं तं कोणी येते, शांते... स्टँडवर येत होते."

इतके महिने मी तिला कामाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं... हे कधी विचारलंच नव्हतं.

शांताबाई अंगणात गेल्या. आपली खाट ओढत आणली, गिरजाबाईच्या उंबऱ्याला आडवी लावली आणि आडव्या झाल्या. "येऊ दे कोणाले. पहिले माह्या पोटावर पाय द्या लागन त्याले!"

थोड्या वेळाने कडी वाजली. दार उघडलं... वीतभरच.

पाऊस येईपर्यंत ती खाट तिथेच होती. दार वीतभराच्या वर कधी उघडलं नाही, पण गिरजाबाई पुन्हा चक्कर येऊन पडली नाही.

आम्ही तिला दिवाळीत घर दिलं, असं मी अजूनही सांगते... पण तुम्हीच सांगा, गिरजाबाई घरात राहायला नक्की कधी आली?