बँकेला पांघरलेली गोधडी

ल्युएला रेड एल्कने जन्मात कुणाच्या दारात रिकाम्या हाताने पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून बँकेत जातानाही ती मधोमध मोठा तारा शिवलेली गोधडी घेऊन गेली.

स्टँडिंग रॉक या अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींच्या मुलखातून तिघी जणी मिनियापोलिस शहरी बँकेच्या कचेरीत गेल्या होत्या. आमच्या नदीखालून तेलाचा पाइप जाणार, त्याला तुम्ही दिलेलं कर्ज मागे घ्या, एवढंच सांगायचं होतं. बोलायचं काम नणंद डेल्फीनचं. ल्युएलाचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेलं. तिला भाषण येत नव्हतं, शिवण येत होतं. निघताना तिने बँकेच्या मोठ्या बाईंच्या खांद्यांवर गोधडी पांघरली. लाकोटांत जिला गोधडी पांघरली ती आपली झाली. आपल्याच माणसांच्या पाण्यात ती कशाला विष कालवील, असा तिचा साधा विचार.

महिन्याभरात बँकेच्या पत्रकावर फोटो आला. बाई गोधडीत हसताहेत, शेजारी ल्युएला. खाली ओळ होती: पाइपच्या वाटेवरच्या जमातींचा आम्हांला आशीर्वाद आहे.

समाजमंदिरात बायका सूप करत होत्या. डेल्फीनने पत्रक ल्युएलापुढे सरकवलं.

"वहिनी, मी तिथं घसा फोडला आणि तू आशीर्वाद देऊन मोकळी झालीस."

"मला काय ठाऊक गं, त्या असं करतील."

"तुला कधी काय ठाऊक असतं? पुढच्या खेपेला तळलेली भाकरही ने. पाइप टाकणाऱ्या पोरांना भूक लागत असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. ल्युएलाने डाव खाली ठेवला आणि त्यानंतर ती तिथे फिरकली नाही. दुकानात ओळखीचं कुणी दिसलं की पीठ न घेताच परतायची.

वसंतात बँकेच्या भागधारकांची सभा होती. त्याआधी ती आपणहून डेल्फीनच्या दारात उभी राहिली.

"मी गोधडी परत मागते. सगळ्यांसमोर."

डेल्फीनचा चेहरा उतरला. "वेड लागलंय का? दिलेलं परत मागितलेलं आपल्यात कुणी ऐकलंय? तुझ्या आईचा उद्धार करतील लोक."

"करू देत. तो फोटो खोटा पाडायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

सभेत माइकपुढे तिने रीतीप्रमाणे आधी आपलं नाव सांगितलं, मग आईचं, मग आजीचं. ती नावं घेताना तिचे कान तापले.

"मी गोधडी पाण्यासाठी दिली होती. तुम्ही ती पाइपावर घातलीत. माझी मला परत द्या."

मागे कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाई "अवश्य" म्हणाल्या, विसरलेली छत्री परत करावी इतक्या सहज. शिपायाने गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली. फोटो काढून टाकू, असं सभेच्या अध्यक्षांनी सांगितलं. कर्जाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

परतताना गाडीत डेल्फीन म्हणाली, "बरं केलंस, वहिनी. कुणी विचारलं तर सांग, नणंदेनं मागायला लावली."

"नाही. मीच मागितली."

आता ती गोधडी घरात ठेवण्याजोगी नव्हती, कुणाला देण्याजोगीही नव्हती. पिशवी मांडीवर धरून ल्युएला खिडकीबाहेर पाहत राहिली. गाव जवळ आलं तेव्हा तिने डेल्फीनला गाडी मागच्या रस्त्याने घ्यायला सांगितली.