गादी गेली, उद्या

आमच्या भागातल्या हवालदाराचा निरोपसमारंभ होता. त्याच्या हुद्द्याला इथं परदेशात वेगळं काहीतरी म्हणतात, पण मी चौथी शिकलेला माणूस, मला हवालदारच येतं. चिनी माणूस. उभी हयात वर्दीत काढली, त्यातली बरीच वर्षं इथंच, चोआ चू कांग या आमच्या वस्तीतल्या ब्लॉकांमधून फिरत.

आमच्या मंडळींना शेवटी शेवटी सगळ्याचा विसर पडत गेला. माहेर तेवढं राहिलं. मुलगा-सून कामावर गेली आणि माझा डोळा लागला, की ही पिशवीत लुगडं घालून लिफ्टनं खाली. बसस्टॉपवर कराडच्या एसटीची वाट बघत बसायची. हवालदारानं तिला कधी हाताला धरून ओढलं नाही. शेजारी बसायचा. मुलानं त्याला शिकवून ठेवलं होतं, गाडी गेली, उद्या. त्याच्या जिभेला ते जमलं नाही. तो म्हणायचा, “गादी गेली, उद्या.”

“अगं बाई, गादी कुणी नेली?” ही हसायची आणि मुकाट त्याच्याबरोबर वर यायची.

दारात मला हुकूम. “अहो, पाहुण्याला चहा टाका की.” पाहुणा घोटभर पाणी पिऊन जायचा. एकदा मागून मला म्हणाली, “भला माणूस आहे. त्याला शाल-नारळ द्या एकदा.” त्या दिवशी ती अगदी शुद्धीत होती.

मग ती इस्पितळात गेली आणि तिथूनच गेली. हवालदाराला कुणी कळवलं नाही.

निरोपाच्या दिवशी मी शाल काढली तशी सूनबाई म्हणाली, “बाबा, इथे पोलिसांना गिफ्ट चालत नाही. रूल आहे.”

“शाल म्हणजे काय लाच आहे?”

“आणि आईंचं मी सांगते त्यांना. तुम्हाला इंग्लिश कुठे येतंय?”

“माझी बायको गेलेली मी सांगेन. त्याला मराठी येतं.”

एकटाच उतरलो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, माणसं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. माझा नंबर आल्यावर मी नारळ हातात दिला, शाल खांद्यावर घातली. त्यानं वाकून ती घेतली. मग नीट घडी केली, वर नारळ ठेवला आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं. काहीतरी बोलला, ‘सॉरी’ तेवढं कळलं. तिनं एवढं एकच मागितलेलं.

त्यानं माझ्यामागे लिफ्टकडे बघितलं. “आंटी?”

“गाडी गेली,” मी म्हणालो.

त्याला समजलं नाही. कान पुढे केला. चारचौघांत तसलं वेडंवाकडं बोलायला मला जड गेलं. पण बोललो, त्याच्यासारखंच.

“गादी गेली.”

तो हसला. “उद्या!”

“उद्या नाही.” मी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिलो बहुतेक.

त्याचं हसू गेलं. त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसला. तिकडून फोटोसाठी त्याला हाका येत होत्या. तो उठला नाही.